टेंभेकर साहेबांचा दगड

या पेजवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. लिहिणाऱ्यांना वाईट वाटेल, पण खरं सांगते... दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर रक्ताचे नमुने, काचपट्ट्या आणि मशीनमधून निघणारे रिपोर्ट. माणूस गेला की गेला, मागे काही उरत नाही, असंच मी मानत आले. आज जे लिहायला बसले आहे ते मानायला माझं मन अजूनही तयार नाही. पण ते माझ्या बाबांच्या बाबतीत घडलंय, म्हणून खोटंही म्हणवत नाही.

आम्ही जबलपूरचे. माझं मराठी घरातल्या घरात शिकलेलं आहे, मधेमधे हिंदी डोकावेल, सांभाळून घ्या.

आमचं घर शहरातल्याच गोरखपूर भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथून जरा पुढे गेलं की एक छोटासा बगीचा लागतो. लोखंडी फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला कमरेएवढ्या चबुतऱ्यावर एक काळा दगड बसवलेला आहे. वर घोड्याचं तोंड कोरलंय आणि खाली हिंदीत लिहिलंय – कॅप्टन विश्वास टेंभेकर, त्याखाली रेजिमेंटचं नाव, आणि मग '१९७१ के युद्ध में वीरगति को प्राप्त हुए'. सकाळी फिरायला येणारे लोक त्या चबुतऱ्यावर पाय टेकवून बुटाची नाडी बांधतात. वाचत कुणी नाही.

घोडा अशासाठी की ती रेजिमेंट पूर्वी घोडदळाची होती. घोडे जाऊन रणगाडे आले तरी नाव आणि निशाणी तीच राहिली. माझे बाबा, नारायण डोंगरे, शेवटपर्यंत 'आमचा रिसाला' असंच म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबा घोड्यावर बसून लढले. बाबा टेंभेकर साहेबांचा रणगाडा चालवायचे.

साहेब गोरखपूरचे, वडील वकील, घरात सगळे शिकलेले. बाबा जवळच्याच पनागरचे, घरी भाजीपाल्याची शेती. पण त्या तुकडीत मराठी बोलणारे हे दोघंच, आणि त्यातही एकाच गावाकडचे. म्हणून साहेबांनी बाबांना आपल्या रणगाड्यावर मागून घेतलं होतं. लढाईत त्या रणगाड्यावर गोळा पडला. चौघांपैकी एक जण आतच गेला, आणि साहेब गेले. बाबा आणि तोफ चालवणारे बलकार सिंह वाचले. बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. मे महिन्यातसुद्धा मी त्यांना कधी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पाहिलं नाही.

मिलिटरी हॉस्पिटलमधून सुटल्यावर बाबा पहिल्यांदा आपल्या घरी न जाता टेंभेकरांकडे गेले. साहेबांची धाकटी बहीण कुमुद तेव्हा कॉलेजात होती. दारातच तिने विचारलं, "कसा गेला दादा?" बाबा म्हणाले, "सायेब लगेच गेले जी ताई. त्याहिले काहीच कळलं नाही. तरास नाही झाला."

ह्याच त्या कुमुदआत्या. त्यांचं-आमचं रक्ताचं नातं काही नाही, पण मी जन्मल्यापासून आत्याच म्हणते. शाळेत भूगोल शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मुलगी पुण्याला असते. बगीच्याला लागूनच त्यांचं घर. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

दरवर्षी डिसेंबरमध्ये, साहेब गेले त्या तारखेला, बाबा सकाळी बादली घेऊन बगीच्यात जायचे. दगड धुवायचे, पांढऱ्या फडक्याने अक्षरं पुसायचे, झेंडूची माळ घालायचे. आत्या समोरच्या बाकावर बसलेल्या असायच्या. लहान असताना मी बाबांचं बोट धरून जायची, त्यामुळे पुढचं मी कितीदा तरी ऐकलंय. माळ घालून झाली की आत्या विचारायच्या, "नारायणभाऊ, खरं सांगा, कसा गेला तो?" आणि बाबा दगडाकडे बघत म्हणायचे, "लगेच गेले जी ताई. काही कळलंच नाही त्याहिले."

आत्यांचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. एकदा मला म्हणाल्याही होत्या, "तुझे बाबा चांगले आहेत गं. पण खोटं बोलताना त्यांचा आवाज बदलतो. मला दिसायचं तेव्हाही कळायचं, आणि आता तर फक्त आवाजच ऐकू येतो." दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडे फराळ यायचा, आईच्या आजारपणात त्या रोज यायच्या. पण त्या एका उत्तरावरून त्यांच्या मनात बाबांबद्दल अढी होती. घट्ट, न बोललेली. बाबांनाही ती ठाऊक होती.

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'जी' आणि 'हां', एवढंच कसंबसं यायचं. फिजिओथेरपी चालू होती, काठी धरून घरातल्या घरात चार पावलं टाकायचे.

डिसेंबरमध्ये साहेबांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते जेवता जेवता कोसळले. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, डॉक्टरांनी लगेच व्हेंटिलेटरवर घेतलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि डॉक्टरांनी मला आडपडदा न ठेवता काय ते सांगितलं. आत्यांना मी कळवलं नाही. त्यांचं बीपी वाढतं, आणि सकाळी त्यांना दगडाजवळ जायचं असतं. म्हटलं, दिवस जाऊ दे, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने मला दोन मिनिटं आत सोडलं. बाबांच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले, छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती. बाहेर येऊन काचेजवळ उभी राहिले तेवढ्यात फोन वाजला. कुमुदआत्या.

"काय गं, तू मला सांगितलं काहून नाही?"

मला वाटलं, कुणीतरी कळवलेलं दिसतंय. "आत्या, काल संध्याकाळी अचानकच झालं हो. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"कसला त्रास? चांगली बातमी अशी लपवून ठेवतात का? अगं, किती स्वच्छ बोलून राहिले तुझे बाबा!"

"कोण?"

"नारायणभाऊ! आत्ता तर गेले इथून. काठीचा आवाजसुद्धा नव्हता. मी विचारणारच होते, कोणत्या डॉक्टरचं औषध चालू आहे म्हणून. पण त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि... चलो, ते मी तुला नंतर सांगीन. आत्ता मला नाही बोलवत." त्यांचा आवाज भरून आला होता, पण वेगळाच. हलका झालेला. "घरी पोचले की त्यांना म्हण, ताई आता रागावलेली नाही. एवढं सांगशील नं?"

मी काचेतून बघत होते. बाबा तिथेच होते. नर्स त्यांच्या हाताची पट्टी सारखी करत होती. मी "हो, सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार होते? वाटलं, वय झालंय, त्या दिवशी त्या तशाही हळव्या असतात, बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला असेल.

त्या दुपारी बाबा गेले.

आत्यांना मी संध्याकाळी स्वतः जाऊन सांगितलं. बाबा आदल्या दिवसापासून हॉस्पिटलमध्ये होते हेही सांगितलं. त्यांनी नुसता माझा हात चाचपला आणि धरून ठेवला. रडल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "अच्छा... म्हणून काठी नव्हती."

तेरावं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. दुपारचं ऊन अंगणात आलं होतं, त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

कामवाल्या बाईंनी त्यांना बाकावर नेऊन बसवलं आणि बाई माळ आणायला बाजारात गेल्या. थोड्या वेळाने फाटक वाजलं. पावलं आली. आत्या म्हणाल्या, पावलं दोघांची होती. एक जण चबुतऱ्याशी थांबला आणि एक त्यांच्याजवळ आला.

"ताई, मी नारायण."

"अहो, बोलायला यायला लागलं तुम्हाला?"

"हो जी. आज सांगायले आलो. आजपर्यंत तुमच्याशी खोटं बोललो, ते आज सांगतो. सायबांची परवानगी भेटली."

आत्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाची बोलायची रीत असेल, देवाची परवानगी म्हणतात तसं. मग त्यांनी ऐकलं.

साहेब लगेच गेले नव्हते. बाबांनी आणि बलकार सिंहांनी त्यांना जळत्या रणगाड्यातून ओढून काढलं आणि सरकंड्याच्या उंच गवतात नेलं. पोटाला मोठी जखम होती. मदत येईल येईल म्हणत दुपारची संध्याकाळ झाली. साहेब पाणी मागत होते, पण पोटाची जखम म्हणून पाजता येत नव्हतं. बाबा रुमाल ओला करून त्यांच्या ओठांना लावत राहिले. शुद्धीवर होते तेव्हा साहेबांनी दोघांचे हात धरून सांगितलं, "घरी सांगायचं की लगेच गेला. आईला आणि कुमुदला हे कळता कामा नये. शपथ घ्या." दोघांनी घेतली.

नंतर साहेब भ्रमात गेले. त्यांना आपण घराशी उभे आहोत असं वाटायला लागलं. बाबांचा भाजलेला हात धरून ते म्हणत राहिले, "सुभेदार, दार उघड नं. किती थंडी आहे बाहेर. सुभेदार..."

इथे आत्या थांबल्या. मग म्हणाल्या, "सुभेदार म्हणजे मी. घरात सगळ्यांवर हुकूम सोडायची म्हणून दादा मला सुभेदार म्हणायचा. पण सगळ्यांसमोर नाही हं. तो मित्रांकडून उशिरा घरी यायचा, आणि आमच्या बाबांना कळू नये म्हणून मागच्या दाराशी येऊन हळूच म्हणायचा, 'सुभेदार, दार उघड.' मी जागीच असायची. हे आमच्या दोघांतलं होतं. आईलाही माहीत नव्हतं."

"मग माझे बाबा काय म्हणाले त्यांना?"

"तुझ्या बाबांना कळेना सुभेदार कोण. रिसाल्यात सुभेदाराच्या हुद्द्याला रिसालदार म्हणतात, त्या रिसालदार साहेबांना बोलावताहेत का, असं वाटलं आधी. पण मग लक्षात आलं की घरचं माणूस आहे, बहीणच असणार. आणि साहेब तर दार उघड म्हणून विनवून राहिलेत. शेवटी तुझे बाबा बारीक आवाजात म्हणाले, 'उघडलं, दादा. उघडलं. ये आत.' असं दोन-तीनदा म्हणाले. मग दादा शांत झाला. 'थँक्यू सुभेदार' म्हणाला... आणि गेला."

आत्या रडत होत्या आणि मीही.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "जाताना मी विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे, नारायणभाऊ? ते नुसते म्हणाले, 'हायेत जी.' मग दोघांची पावलं फाटकाकडे गेली. मला तेव्हा काही वाटलंच नाही गं. वाटलं, मुलगा-बिलगा असेल कुणी, हात धरून आणणारा. तू हॉस्पिटलचं सांगितलंस तेव्हा माझ्या डोक्यात आलं... चबुतऱ्याशी कोण उभं होतं. इतक्या जवळ होता. मी हात पुढे केला असता तर..."

मी बगीच्याच्या माळ्याला विचारलं. तो त्या सकाळी तिथेच वाफे खुरपत होता. म्हणाला, "दीदी, माताजी तो अकेली बैठी थीं. हां, बात कर रही थीं. बीच-बीच में चुप हो जाती थीं, जैसे कोई जवाब दे रहा हो." कुणाला आत येताना पाहिलं का? नाही. फाटक वाजलं का? लक्ष नव्हतं.

इथपर्यंत माझ्याजवळ उत्तर होतं. आत्या झोपल्या असतील, स्वप्न पडलं असेल. सुभेदार हे नाव त्यांचंच, मागचं दारही त्यांच्याच आठवणीतलं. इतकी वर्षं जे ऐकायची ओढ होती ते मनानेच रचून घेतलं. माझ्या नवऱ्याचं तर अजूनही हेच म्हणणं आहे, आणि मीही मनाला तेच समजावलं होतं.

मग काही दिवसांनी बलकारचाचांचा फोन आला. ते पंजाबात आपल्या गावी असतात. बाबांची बातमी त्यांना उशिरा कळली. फोनवर आधी नुसते रडले. मग बाबांच्या आठवणी सांगायला लागले, कसे गाडी हाकायचे, कसे भांडायचे. मी भीतभीतच विचारलं, "चाचाजी, टेंभेकर साहब... तुरंत नहीं गए थे ना?"

"किसने बताया तुझे?"

"शाम तक ज़िंदा थे। आप दोनों ने कसम खाई थी।"

"नारायण ने बताया? बीमारी में?"

"नहीं चाचाजी। वो तो बोल ही नहीं पाते थे।"

चाचा मग म्हणाले, "बेटी, मैंने अपनी घरवाली को नहीं बताया। बच्चों को नहीं बताया। नारायण भी ऐसा ही था। जब भी मिले, उस शाम की बात हम दोनों ने आपस में भी नहीं की।" मग जरा घुटमळून म्हणाले, "एक बात पूछूं? साहब आखिर में तुम्हारी बोली में कुछ कह रहे थे। और नारायण जवाब दे रहा था, बिल्कुल लड़की जैसी आवाज़ बना के। मैं डर गया था, सोचा इसका दिमाग हिल गया। 'उघडलं, उघडलं' बोलता था। उसका मतलब क्या होता है? नारायण से कभी पूछने की हिम्मत नहीं हुई।"

"खोल दिया, चाचाजी," मी म्हटलं. "दरवाज़ा खोल दिया।"

तिकडून नुसता एक हुंदका आला. मग त्यांच्या सुनेने फोन घेतला आणि म्हणाली, पापाजी बोलू शकत नाहीयेत, नंतर करा.

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? बाबांनी कधीतरी आधी आत्यांना सांगून टाकलं असेल का? मग त्या दरवर्षी तोच प्रश्न काहून विचारायच्या, आणि लकव्यानंतर तर बाबांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. चाचांनी सांगितलं असेल का? त्यांची आणि आत्यांची आयुष्यात भेट नाही, दोघांकडे एकमेकांचा नंबर नाही. स्वप्न म्हणावं, तर सरकंड्याच्या गवतातला शब्द जबलपूरच्या बाकावर बसलेल्या आंधळ्या बाईच्या स्वप्नात कुठून आला? मी खूप विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता शोधायचंही सोडून दिलंय.

पण एक गोष्ट अजून सलते.

चाचांच्या फोननंतर मी आत्यांकडे गेले, सगळं सांगितलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. त्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं. निघताना माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, "आत्या, माझ्यासाठी काही निरोप सांगितला का हो बाबांनी?"

त्यांनी आठवून बघितलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारख्या म्हणाल्या, "नाही गं." मग माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्याजवळ काय राहिलं असणार त्यांचं? तू तर रोज समोर होतीस. तुझ्याशी बोलूनच झालं होतं सगळं."

लकवा मारल्यापासून रोज संध्याकाळी बाबा माझं मनगट धरायचे आणि काहीतरी म्हणायचा प्रयत्न करायचे. तोंड वेडंवाकडं व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, शब्द निघायचा नाही. मी विचारायची, पाणी हवं? पंखा बंद करू? बाथरूमला जायचंय? ते मान हलवायचे... नाही, नाही. आणि मग माझा हात हळूच सोडून द्यायचे.

हे मी आत्यांना सांगितलं नाही. "हो," म्हटलं, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.